विसण

मागच्या आठवड्यात द्वितीय वर्षाच्या वर्गात मी सहज विचारले, ‘‘विसण म्हणजे काय, कोण सांगेल?’’ वर्ग गप्प. पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलाने चाचरत विचारले, ‘‘सर, सणाचा विरुद्धार्थी शब्द?’’ मी त्याला दोष देत नाही. ज्याच्या घरी भिंतीतला नळ फिरवला की हवे तसले पाणी पडते, त्याने विसणाची ओळख ठेवावी कशाला? शेवटी मागच्या बाकावरून सांगलीकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘कढत पाण्यात गार पाणी घालतात ना सर, ते.’’

त्या मुलीला मी मनातल्या मनात नमस्कार केला. कारण हाच शब्द यंदा उन्हाळ्यात मला नव्याने शिकावा लागला, आणि त्याची फी पडली रोख सहा हजार रुपये. शिवाय त्यात माझ्या आईची एक दुपार गेली, ती मला कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना हे सांगायला नको की यंत्र आणि मी यांची पत्रिका कधी जुळली नाही. तरीही आमच्या दारात मोटार आहे, आणि तीही आमच्या पगाराला शोभणार नाही एवढी मोठी. हिच्या मावसभावाची परदेशी बदली झाली तेव्हा जाताजाता तो ती आम्हांला ‘घरातल्या भावात’ देऊन गेला. घरातला भाव म्हणजे काय, तर बाजारभावापेक्षा थोडा कमी आणि तक्रारीला जागा अजिबात नाही! या गाडीचे मोठे कौतुक म्हणजे तिच्यात दोन हवामाने आहेत. डॅशबोर्डवर हवेच्या यंत्राची दोन बटणे, एक उजवीकडे चालवणाऱ्याचे, एक डावीकडे शेजारी बसणाऱ्याचे. उजव्याने १९ म्हणावे, डाव्याने २५ म्हणावे, आणि दोघांनी आपापल्या ऋतूत सुखाने बसावे. पंख्याच्या वेगावरून ज्या घरात वीस वर्षे एकमत झालेले नाही, त्या घराला ही सोय संसारोपयोगीच वाटणार. आम्ही मात्र समेट करून दोन्हीकडे २२ लावून ठेवले होते.

फेब्रुवारी संपता संपता ही पहिल्यांदा म्हणाली, ‘‘अहो, माझ्याकडे गरम येतंय.’’

मी आकड्याकडे बोट दाखवले. २२. तिच्याकडे २२, माझ्याकडे २२. शिवाय मी हात लांब करून तिच्या बाजूच्या झरोक्यासमोर धरला. चांगली गार हवा येत होती. ‘‘मनाचे खेळ,’’ मी म्हणालो.

रोज सकाळी मी कोथरूडहून हिला कॅम्पातल्या तिच्या बँकेत सोडतो आणि मग कॉलेज गाठतो. दोनचार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. तीही मोठ्या बारकाव्याने. ‘‘नळस्टॉपपर्यंत ठीक असतं. लकडी पुलापाशी कोमट होतं. आणि लक्ष्मी रोडला लागलं की वाफाच.’’ आता तुम्हीच सांगा, हे ऐकून कोणता मराठीचा प्राध्यापक गप्प बसेल? मी म्हटले, ‘‘वा! म्हणजे तुझा उन्हाळा पेठेत सुरू होतो! लक्ष्मी रोडची साड्यांची दुकानं दिसली की अंगाची काहिली होते, असं म्हण ना.’’ ही हसली नाही. पुढे मार्चभर ती अधूनमधून सांगत राहिली, एप्रिलात सांगायची थांबली आणि पर्समधून एक घडीचा पंखा बाळगू लागली. तक्रार थांबली म्हणजे कारण संपले असा मी अर्थ केला. नवऱ्यांना हा अर्थ सोयीचा पडतो.

दुसरी तक्रार आईची होती. ती वेगळ्याच खात्यातली. आई आता चौऱ्याहत्तरची आहे. ती गाडीत बसली आणि मी किल्ली फिरवली की ती म्हणायची, ‘‘थांब. पाल चुकचुकली.’’ मग दोन मिनिटे थांबायचे, तिने कुलदैवताचे नाव घ्यायचे आणि मग निघायचे. गाडीत पाल कशी येईल, शकुन-अपशकुन म्हणजे काय, या विषयावर मी तिला एकदोन चांगली व्याख्याने दिली. ती ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘‘ते खरं रे, पण चुकचुकली ती चुकचुकली.’’

मे महिन्यात सोलापूरला मामाच्या नातीचे लग्न निघाले. गोरज मुहूर्त. आईचे माहेरचे आता हे एकच घर उरले आहे, त्यामुळे तिने आठ दिवस आधीपासून पिशवी भरून ठेवली होती. गुडघ्यांमुळे तिला मागे चढउतार होत नाही, म्हणून ती पुढे, माझ्या डाव्या हाताला. ही आणि आमची कन्या मागे. निघताना अर्थातच पाल चुकचुकली.

सोलापूर रस्ता ज्यांनी मे महिन्यात भरदुपारी पाहिला आहे त्यांना वर्णन नको. यवत गेले, पाटस गेले. भिगवणच्या अलीकडे ही मागून म्हणाली, ‘‘आईंना विचारा हो, त्यांना फार होत नाही ना?’’ मी डावीकडे नजर टाकली. आई पदर तोंडावर घेऊन स्वस्थ बसली होती. मला वाटले, डोळा लागला असेल. मी आकडा पाहिला. २२. ‘‘बावीस आहे,’’ मी म्हणालो आणि गाणी लावली. माझ्या अंगाला छान गारवा लागत होता.

इंदापूर आठदहा किलोमीटरवर राहिले असेल. आईची मान एकदम खिडकीकडे कलली. हाक मारली, ओ नाही. गाडी बाजूला घेतली, पदर दूर केला, तर चेहरा लालभडक आणि कपाळ तव्यासारखे. हिने तिच्या तोंडावर पाणी मारले, तेव्हा तिने डोळे उघडले, पण शब्द नीट उमटेना. इंदापुरात एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सलाईन लावले. रक्तदाब बराच खाली गेला होता. आई सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती, हेही तिथे कळले. वाटेत उतरावे लागू नये, दुसऱ्यांची खोटी होऊ नये, म्हणून आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. ही गोष्ट मला माहीत होती आणि तरी मी विचारले नव्हते.

चारच्या सुमाराला तिला हुशारी आली. मी कॉटवर तिच्या पायाशी बसलो होतो. तिने माझ्याकडे बघितले आणि अगदी सहज, चौकशी करावी तसे विचारले, ‘‘तुझ्याकडे गार होतं का रे?’’

मी म्हटले, ‘‘हो.’’

‘‘असं होय. मला वाटलं, सगळ्यांनाच असं येतंय. म्हटलं, मोटारीत असंच असत असेल.’’

आम्ही सोलापुरात पोचलो तेव्हा वधूवर पंगतीला बसले होते. मामा आईला धरून आत घेऊन गेला. ही दिवसभरात मला ‘मी सांगत होते’ असे एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरे झाले असते.

पुण्याला परतताना मी आईला मागे बसवले, पुढच्या डाव्या जागेवर सगळ्यांच्या पिशव्या ठेवल्या, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या मागे लागलो.

आधी गेलो एका गॅस भरणाऱ्याकडे. त्याने नळ्या जोडल्या, घड्याळे पाहिली, म्हणाला, ‘‘गॅस कमी आहे, त्यामुळे एक बाजू थंड होत नाही.’’ अठराशे रुपये घेतले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, हे मला पुढे कळले. गॅस कमी पडला तर गार करणारी जाळी सबंध गार होत नाही, एका अंगाला गार राहते आणि दुसरे अंग कोरडे पडते. त्यामुळे दोन झरोक्यांत फरक पडू शकतो. पण आमच्याकडे गॅस भरूनही लक्ष्मी रोड आला की उन्हाळा सुरूच.

मग अधिकृत सेवाकेंद्र. तिथे गुळगुळीत फरशी, फुकट कॉफी आणि गळपट्टा बांधलेला एक तरुण. सकाळी नऊला गाडी दिली. संध्याकाळी कागद मिळाला, ‘तपासणी केली, दोष आढळला नाही’, आणि खाली नऊशे रुपये. मी कागद घेऊन भांडलो, तेव्हा त्यांनी गाडी पुन्हा ठेवून घेतली आणि या खेपेला दोष इतका आढळला की डॅशबोर्ड सबंध उतरवून आतली पेटीच्या पेटी बदलावी लागेल असे सांगितले. अंदाजपत्रक शेहेचाळीस हजार! ज्या पेटीत काल काही बिघडले नव्हते ती आज सगळीच्या सगळी बाद कशी झाली, हे त्या तरुणालाही सांगता येईना. मी गाडी घेऊन घरी आलो.

इथे आमच्या मजल्यावरच्या आण्णांचा प्रवेश होतो. आण्णांनी भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे यंत्रे दुरुस्त केली आणि आता ते सोसायटीचे पंप दुरुस्त करतात, न सांगता. त्यांनी माझी हकीगत ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘प्राध्यापक, गरम म्हणजे किती? नुसतं गार नाही की खरंच गरम?’’

मला उत्तर देता येईना. सबंध उन्हाळा त्या बाजूला मी एकदाही बसलो नव्हतो.

‘‘आणि निघाल्या निघाल्या गरम येतं की थोड्या वेळानं?’’

उत्तर दारातून आले. ही चहा घेऊन उभी होती. ‘‘नळस्टॉपपर्यंत ठीक असतं. लकडी पुलापाशी कोमट, आणि लक्ष्मी रोडला वाफा.’’

आण्णांनी कप खाली ठेवला. ‘‘वहिनी, तुम्ही तर अर्धी दुरुस्ती केली!’’

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभी असलेली थंड गाडी आम्ही सोसायटीच्या आवारातच सुरू केली. आईने मदत म्हणून तापाचा थर्मामीटर आणून दिला. डावीकडच्या झरोक्यात तो लावला, तर पहिल्या दोनतीन मिनिटांत पारा हलेना आणि पंधराव्या मिनिटाला बेचाळीसच्या टोकाला जाऊन आपटला. मग कन्येने शाळेतल्या प्रयोगाचा लांब थर्मामीटर काढला आणि ते सगळे पुन्हा, इंजिन निवल्यावर. सुरुवातीला दोन्ही झरोके १५ अंशांवर, भावासारखे. आठव्या मिनिटाला उजवा १०, डावा २५. गाडीचा तापमानाचा काटा मध्यावर आला तेव्हा उजवा ९ आणि डावा ४४!

‘‘बाहेर आत्ता एकतीस आहे,’’ आण्णा म्हणाले. ‘‘गार व्हायचं राहिलं असतं तर एकतीसच्या आसपास आलं असतं. चव्वेचाळीस कुठून आणलं? ते इंजिनातून आलं. सेवाकेंद्रवाल्यानं गाडी थंड असताना बटण दाबून पाहिलं असेल, पाच मिनिटांत बंद केलं असेल. त्याचं तेच झालं, जे तुमचं झालं.’’

माझे काय झाले होते ते मला समजले. मी हात लावून पाहिला होता, तो नळस्टॉपच्या अलीकडे.

मग आण्णांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपली समजूत अशी की २२ म्हटले की यंत्र बावीस अंशांची हवा तयार करते. तसे काही नसते. डॅशबोर्डच्या मागे एक पेटी असते. पंखा हवा आत ढकलतो, ती आधी गार जाळीतून जाते आणि सगळीच्या सगळी चांगली गारठते. तिच्या पुढे दुसरी जाळी असते, तिच्यातून इंजिनाचे तापलेले पाणी खेळत असते. या दोन जाळ्यांमध्ये एक झडप. झडप एका टोकाला असली की हवा गरम जाळीला वळसा घालून गारच्या गार बाहेर येते. दुसऱ्या टोकाला असली की सगळी गरम जाळीतून जाते. मध्ये असली की थोडी अशी, थोडी तशी, आणि पुढे दोन्ही एकत्र होतात.

‘‘म्हणजे विसण!’’ आई म्हणाली. ती थर्मामीटर परत न्यायला आली होती.

याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबातले कढत पाणी घंगाळात यायचे आणि आई गार पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. विसण जास्त झाले की आम्ही कुडकुडायचो, कमी झाले की ओरडायचो. गाडीत बंबही एकच, गार हौदही एकच. फक्त विसण घालणारे हात दोन, उजवीकडे एक, डावीकडे एक. आमचा डावा हात लुळा पडला होता.

या विद्येचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड मोटारीत पहिल्यांदा हवा गार करायचे यंत्र बसवून मिळू लागले. गार हवेचा बराचसा संसार मागच्या सामानाच्या कप्प्यात. आणि ते बंद करायचे असेल तर? गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे, झाकण उघडायचे आणि पट्टा काढून ठेवायचा! आपण एक अंक सांगावा आणि पुढचे यंत्राने आपले आपण पाहावे, ही सोय १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये आली. माणसाने तेव्हापासून हवेकडे बघायचे सोडले आणि तो अंकाकडे बघू लागला, असे आपले मला वाटते.

आणि अंक काय दाखवतो? आण्णांनी हे सांगितले तेव्हा मला खरी लाज वाटली. डावीकडचे २२ म्हणजे तिथले तापमान नव्हे. ती मागणी आहे. ‘बावीस असावे’ अशी आपण केलेली आज्ञा, तीच यंत्र आपल्याला परत वाचून दाखवते. आयुष्यभर मुलांना आख्यात शिकवणाऱ्या मी विध्यर्थाला वर्तमानकाळ समजून चाललो होतो. गाडीत हवा मोजणारा एक डोळा असतो खरा. पण आमच्या गाडीत तो आहे उजवीकडे, चालवणाऱ्याच्या गुडघ्याशी. त्याला जी हवा लागते ती माझी. मी सुखात असलो की गाडीच्या हिशेबी सगळे सुखात.

आता पाल. झडप फिरवायला एक मोटार असते, मुठीत मावेल एवढी, आणि तिच्यात एकात एक अडकलेली प्लॅस्टिकची दातेरी चाके. गाडी सुरू झाली की यंत्र झडप इकडून तिकडे फिरवून बघते. दाते झिजून तुटले असले तर चाक घसरते आणि आवाज होतो, टक्, टक्, टक्. आण्णांनी डॅशबोर्डला कान लावला आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. आई मागे उभी होतीच. ‘‘हीच,’’ ती म्हणाली. ‘‘हीच चुकचुकते.’’ शकुनावरची माझी व्याख्याने मी बिनशर्त मागे घेतली.

आण्णांच्या ओळखीचा मिस्त्री नाना पेठेत, एका बोळात. त्याच्याकडे फरशी नव्हती आणि कॉफीही नव्हती. जूनमधला पहिला शनिवार होता. ही अर्ध्या दिवसाची रजा काढून बरोबर आली होती. मिस्त्रीने पुढचा सामान ठेवायचा कप्पा उतरवला, आत हात घालून तीन स्क्रू काढले आणि ती मोटार बाहेर आणली. पण नवी मागवण्याआधी तो म्हणाला, ‘‘सर, विजेचा माल दुकानदार परत घेत नाही. आधी खात्री करू. तुमच्या गाडीत दोन्हीकडच्या मोटारी एकाच जातीच्या आहेत. डावीची उजवीकडे लावतो, उजवीची डावीकडे. गरम उजवीकडे आलं तर मोटारच खराब. डावीकडेच राहिलं तर वायर नाहीतर डोकं.’’ तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याच्याकडे एक दिवस येऊन बसावे. उजवीकडची काढायला तो पायपट्ट्यांपाशी उताणा पडला आणि अर्धा तास नुसते त्याचे पायच दिसत होते.

‘‘आता गाडी तापवून आणा. कात्रजपर्यंत जाऊन या,’’ तो म्हणाला.

आम्ही दोघेच निघालो. दुपारचा एक वाजला होता, पावसाचा पत्ता नव्हता. किल्ली फिरवताच माझ्या गुडघ्याशी पाल चुकचुकली. स्वारगेटपर्यंत काही नाही. पुढे सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या अंगावरची हवा कोमट वाटली. मग ती गरम झाली. धनकवडीच्या चढाला तर कोणी चुलीपुढे बसवून फुंकणीने फुंकते आहे असे वाटू लागले. डोळे कोरडे पडले, कानशिले तापली, शर्ट पाठीला चिकटला. झरोका बंद करावा तर कोंडायला होते, उघडा ठेवावा तर भाजते. समोर ठसठशीत अक्षरांत २२.

मी हळूच डावीकडे बघितले. ही शांत बसली होती. कपाळावर घाम नव्हता. किती दिवसांनी ती गाडीत अशी बसलेली मी पाहत होतो!

‘‘फार होतंय का?’’ तिने विचारले.

मी ‘नाही’ म्हणणार होतो. मग म्हटले, ‘‘हो.’’

तिने पर्समधून घडीचा पंखा काढला, उलगडला आणि माझ्या बाजूला वारा घालू लागली. कात्रजपर्यंत आणि परत नाना पेठेपर्यंत. मी तिला फेब्रुवारीबद्दल काहीतरी म्हणायला दोनदा तोंड उघडले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, ‘‘समोर बघा, रिक्षा आहे.’’

मोटारच खराब होती. नवी यायला आठ दिवस. तोवर मिस्त्रीने चांगली मोटार माझ्या बाजूला परत बसवली आणि डावी झडप गारच्या टोकाला ओढून तारेने बांधून टाकली. त्यामुळे त्या आठवड्यात डावीकडे एकदम हिवाळा. ही शाल पांघरून बँकेत जाई. मिस्त्री म्हणाला, ‘‘पुष्कळ लोक असंच ठेवतात सर. आपल्याकडे गरम हवा कुणाला पाहिजे?’’ २,६०० ची मोटार आणि ७०० मजुरी वाचत होती, मला मोह झाला. पण आण्णा नको म्हणाले. पावसात काच आतून धुरकटते तेव्हा हवा आधी गार होऊन तिच्यातले पाणी गळावे लागते आणि मग ती कोमट होऊन काचेवर यावी लागते. बंब नसलेले विसणही उपयोगाचे नाही.

नवी मोटार बसली. मिस्त्रीने फ्यूज काढला, थोडा वेळ थांबून परत घातला आणि मला बजावले, ‘‘आता किल्ली फिरवा, पण बटणांना हात लावू नका. झडप दोन्ही टोकं चाचपून घेईल.’’ आम्ही श्वास रोखून ऐकले. एक बारीक घुर्र, आणि शांतता. जुनी मोटार त्याने मला उघडून दाखवली. पांढऱ्या प्लॅस्टिकचे एक चाक, रुपयाएवढे. त्याचे तीन दाते पडलेले. झडप गरम टोकाला गेली की ही बोळकी जागा समोर येई, आणि मग तिला मागे फिरवायला धरच राहत नसे. ते चाक मी घरी आणले. आईने ते हातात घेऊन पाहिले, आपल्या कवळीच्या डबीशेजारी ठेवले आणि म्हणाली, ‘‘एवढ्याशानं?’’

गाडी दुरुस्त झाली, पण आई काही गाडीत बसेना. ‘गुडघे दुखतात’, ‘आज नको’, ‘तुम्ही जाऊन या’. मोटार ठीक झाल्याचे मी तिला तीनतीनदा सांगितले. ती ‘बरं’ म्हणे. जुलै तसाच गेला. भाऊबीजेला सोलापूरला जायचे का, या प्रश्नावर ती म्हणाली, ‘‘मामालाच इकडे बोलवू.’’

ऑगस्टातल्या एका रविवारी मात्र तिने आपण होऊन जेजुरीचे नाव काढले. निघताना तिच्या हातात पाण्याची मोठी बाटली होती. ती माझ्याशी काही न बोलता मागचे दार उघडून, गुडघ्यांवर हात ठेवत, कशीबशी माझ्या मागे जाऊन बसली. ही पुढे बसली. किल्ली फिरवल्यावर आम्ही सगळेच क्षणभर थांबलो. काही ऐकू आले नाही.

हडपसर मागे पडले. दिवे घाटाच्या पायथ्याशी आई म्हणाली, ‘‘मला जरा पुढं बसू दे बघू.’’

गाडी थांबवली. सासूसुनांनी जागा बदलल्या. घाट चढताना इंजिन चांगले तापले, काटा मध्यावर आला. पाऊस नुकताच पडून गेला होता, डोंगर हिरवा होता, पण आईचे बाहेर लक्ष नव्हते. तिने उजवा हात समोरच्या झरोक्यापुढे धरला होता. घाट संपेपर्यंत तो तसाच धरलेला. वर आल्यावर तिने तो हात माझ्या पुढ्यातून नेऊन माझ्या झरोक्यापुढे धरला, थोडा वेळ ठेवला, परत स्वतःच्या झरोक्याकडे नेला.

‘‘सारखंच आहे,’’ ती म्हणाली. मग बाटली उघडून दोन घोट पाणी प्यायली आणि सासवड यायच्या आत झोपली.